मामांचं सिको आणि माझं क्रोनोग्राफ: वापरायचं कसं, सांभाळायचं कसं

गेल्या आठवड्यात ऑफिसात नवीन लागलेला एक मुलगा वडिलांचं घड्याळ घालून आला, स्टीलचं, जाडजूड, बाजूला दोन बटणं आणि डायलवर तीन छोट्या तबकड्या. जेवणाच्या सुट्टीत तो ते कौतुकाने सगळ्यांना दाखवत होता आणि दाखवता दाखवता मधला मोठा सेकंद काटा फिरत असतानाच त्याने खालचं बटण जोरात दाबलं. काही झालं नाही म्हणून अजून जोरात दाबलं. मी अक्षरशः त्याचा हात धरला. म्हटलं बाळा थांब, आधी वरचं, मग खालचं. मग अर्धा तास त्याला सगळं समजावत बसलो आणि घरी येताना गाडीत वाटलं की हे लिहूनच काढावं, कारण कितीतरी घरांत अशी क्रोनोग्राफ, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेली घड्याळं कपाटात पडून आहेत आणि ती वापरायची कशी हे सांगणारं माणूस आता घरात राहिलेलं नाही.

तर पहिली गोष्ट बटणांची. दोनच्या बाजूचं बटण चालू-बंद करायला, चारच्या बाजूचं काटे शून्यावर आणायला. क्रम कायम हाच ठेवायचा, चालू, बंद, मग शून्य. चालू असताना खालचं बटण दाबायचं नाही, फ्लायबॅक नावाचा प्रकार असतो त्याच्यात चालतं, पण आपलं घड्याळ फ्लायबॅक आहे हे पक्कं माहीत असेल तरच. कारण आत काय होतं ते बघा. क्रोनोग्राफच्या प्रत्येक काट्याखाली बदामाच्या आकाराची एक छोटी चकती असते, आणि खालचं बटण दाबलं की एक हातोडी त्या चकतीवर आपटते. बदामाचा आकारच असा की हातोडी कुठेही पडू दे, चकती घसरत घसरत एकाच जागी येऊन थांबते, म्हणजे काटा बरोब्बर बारावर. अ‍ॅडॉल्फ निकोल या माणसाचं १८४४ चं पेटंट आहे हे, आणि पावणेदोनशे वर्षांनंतर आजही तेच वापरतात. आता ही चकती गिअरला जोडलेली असताना, म्हणजे काटा चालू असताना, तुम्ही हातोडी मारायला गेलात तर जोर कुठे जाणार? दात्यांवर. बऱ्याच मशीनमध्ये हे होऊ नये म्हणून आत अडसर असतो, बटण दबतच नाही. पण दबत नाही म्हणून अंगठ्याने रेटायचं नसतं, घड्याळ नाही म्हणतंय ते ऐकायचं असतं.

दुसरा एक गैरसमज तर मी वर्षातून दोनदा तरी ऐकतो, "अरे याचा सेकंद काटा बंद आहे, सेल गेला वाटतं." ऑटोमॅटिकला, म्हणजे मनगट हललं की आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाला, सेल नसतो, आणि मधला मोठा काटा हा रोजचा सेकंद काटा नसतो, तो क्रोनोग्राफचा, बटण दाबल्याशिवाय तो हलणारच नाही. रोजचा सेकंद काटा बहुतेक वेळा एका छोट्या तबकडीत असतो. माझं स्वतःचं जे घड्याळ आहे त्याच्यात व्हालजू ७७५० हे मशीन आहे, स्विस, १९७० च्या दशकातलं डिझाइन, जगात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ मशीनपैकी एक. त्याच्यात नऊच्या बाजूला रोजचा सेकंद, बाराखाली तीस मिनिटांची मोजणी आणि सहावर बारा तासांची. एकदा हे डोक्यात बसलं की मग वाचायला काहीच अवघड नाही.

पण मला खरं सांगायचंय ते मामांच्या घड्याळाबद्दल.

मामा बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. रत्नागिरीकडची आमच्याकडची निम्मी माणसं एकतर गिरणीत नाहीतर बोटीवर. १९७६ च्या सुरुवातीला बोट जपानला कोबे बंदरात लागली होती तेव्हा त्यांनी हे सिको घेतलं, निळं डायल, बाहेरच्या गोलावर अर्धा लाल अर्धा निळा रंग, मॉडेल ६१३९-६००२. मागच्या झाकणावरचा सिरीयल नंबर '५एन' ने सुरू होतो, म्हणजे १९७५ चा नोव्हेंबर. सिकोच्या जुन्या नंबरात पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा, आणि ऑक्टोबर नोव्हेंबर डिसेंबरला ओ, एन, डी अशी अक्षरं. दशक मात्र आपल्याला मॉडेलवरून ओळखावं लागतं. त्या काळात आपल्याकडे मनगटी घड्याळ म्हणजे एचएमटी, तेही नंबर लावून, आणि बाहेरचं घड्याळ म्हणजे एकतर बोटीवरच्या माणसाने आणलेलं नाहीतर चोरटं. त्यामुळे मामा सुट्टीला आले की आम्हा पोरांची ते घड्याळ बघायला रांग लागायची. मामा वरचं बटण दाबायचे, लांब काटा सुटायचा, आणि आम्ही एकेकाने श्वास रोखून धरायचा, कोण किती सेकंद. बोटीवर ते त्याच काट्यावर पंपाचे मिनिटाला किती स्ट्रोक पडतात ते मोजायचे.

हे घड्याळ किती महत्त्वाचं आहे ते मला फार उशिरा कळलं. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ ही गोष्टच १९६९ पर्यंत जगात नव्हती. हाताने चावी द्यायचे क्रोनोग्राफ खूप होते, मनगट हललं की आपोआप चावी बसणारी साधी घड्याळंही होती, पण दोन्ही एकत्र जमत नव्हतं, जागाच पुरत नव्हती. मग त्या एकाच वर्षात तिघांनी केलं. जानेवारीत झेनिथने एल प्रिमेरो जाहीर केलं, मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग आणि हॅमिल्टन-ब्यूरेन यांच्या गटाने क्रोनोमॅटिक, आणि मे महिन्यात जपानमध्ये सिकोचं ६१३९ थेट दुकानात विकायला. पहिलं कोण यावर अजून लोक भांडतात, मी नाही भांडत, पण मामांच्या मनगटावर होतं ते त्या तिघांतलं एक. आणि याच ६१३९ चं पिवळ्या डायलचं भावंड अमेरिकन अंतराळवीर विल्यम पोग १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकावर घेऊन गेला, नासाने दिलेलं नव्हतं, स्वतःचं, त्याला आपलं हेच सवयीचं म्हणून. अंतराळात गेलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ म्हणून आता तेच मानलं जातं.

आता वापरायच्या बाबतीत ६१३९ आणि ७७५० ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं आहेत.

सिकोला चावी देता येत नाही. म्हणजे नाहीच, क्राउन, म्हणजे बाजूची गुंडी, फिरवला तर आतली मिनिटांची गोल रिंग फिरते, कमान, म्हणजे घड्याळ चालवणारी स्प्रिंग, भरत नाही. बंद पडलेलं असेल तर घड्याळ आडवं धरून हळू डावीकडे उजवीकडे हलवायचं, अर्धा एक मिनिट, की चालू होतं, मग हातात घालायचं, पुढचं ते स्वतः बघतं. आतला रोटर, म्हणजे हात हलला की फिरणारं वजन, दोन्ही दिशेला फिरला तरी कमान भरते. लोक बाटली हलवल्यासारखं घड्याळ हलवतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो, काही गरज नसते हो, पन्नास वर्षांच्या यंत्राला असं नका करू.

तारीख आणि वार बदलायचा तर क्राउन ओढायचा नाही, आत दाबायचा. अर्धवट दाबला की तारीख, पूर्ण दाबला की वार. ओढला की वेळ लावता येते. ज्याला हे माहीत नाही तो ओढून ओढून चोवीस चोवीस तास काटे फिरवत बसतो.

७७५० ला मात्र चावी देता येते. दोन-तीन दिवस पडून बंद झालं असेल तर मी आधी पंचवीस-तीस वेळा क्राउन फिरवतो, मग वेळ लावतो, मग घालतो. नुसतं हलवून चालू केलं तर कमान जेमतेम भरलेली असते आणि मग दिवसभर वेळ इकडे तिकडे होते. याचा रोटर एकाच दिशेला कमान भरतो, उलट दिशेला मोकळा गरगर फिरतो, आणि ते मनगटावर चक्क जाणवतं, ट्रेनचा दांडा धरायला हात वर केला की आत काहीतरी भिरभिरल्यासारखं. पहिल्यांदा मला वाटलं होतं काहीतरी सुटलंय. ते तसंच असतं.

तारखेची एक गोष्ट दोन्ही घड्याळांना लागू. रात्री साधारण नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलायला जायचं नाही. त्या वेळात तारखेचं चाक आतून आधीच गुंतलेलं असतं, आपण वरून ढकलला की दाता तुटतो. आणि घड्याळ बंद असेल तर त्याच्यावरचे नऊ सकाळचे की रात्रीचे ते कळणार कसं, म्हणून सगळ्यात सोपं, आधी काटे फिरवून सहाच्या आसपास आणायचे, तारीख लावायची, मग काटे पुढे नेत तारीख कधी उडते ते बघून खरी वेळ लावायची. उलटे काटे फिरवणं मी टाळतोच.

लोक विचारतात क्रोनोग्राफ सतत चालू ठेवला तर चालतो का. ७७५० मध्ये क्रोनोग्राफ चालू केला की एक छोटं पिनियन, म्हणजे दातेरी चाक, तिरकं होऊन मोठ्या काट्याच्या चाकाला जाऊन भिडतं, म्हणजे दाते दात्यांत घुसतात, म्हणून सुरू होताना काटा कधी कधी किंचित उडतो, आणि चालू असेपर्यंत मशीनवर जादा भार. काम झालं की बंद करायचा. सिकोच्या ६१३९ मध्ये क्लच उभा आहे, एका चाकावर दुसरं चाक दाबून बसतं, दाते भिडण्याचा प्रश्नच नाही, काटा लोण्यासारखा सुटतो. आणि या घड्याळात रोजचा वेगळा सेकंद काटा नाहीच, त्यामुळे मामांनी बोटीवर वीसेक वर्षं तो मोठा काटा कायम चालूच ठेवला होता. आमच्या घड्याळजी काकांचंही म्हणणं तेच, याला चालू ठेवलं तरी हरकत नाही.

बाहेरच्या गोलावर जे ६०, ८०, १०० असे आकडे असतात ते टॅकीमीटर, वेग मोजायची पट्टी. ते शोभेचे नाहीत! मध्य रेल्वेवर ओव्हरहेड वायरच्या खांबांवर नंबराच्या पाट्या असतात, वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरातला खांब. सकाळच्या फास्टला खिडकी मिळाली तर मी मुलुंड सुटल्यावर बघत बसतो, वरचा आकडा बदलला की बटण दाबायचं, परत बदलला की बंद करायचं, काटा ज्या आकड्यासमोर थांबला तो ताशी वेग. परवा भांडुपच्या आधी ४४ सेकंद आले, काटा ८० च्या थोडा पुढे, हिशोब केला तर ३६०० भागिले ४४, जवळजवळ ८२. समोरच्या सीटवरचे एक आजोबा बघत होते, म्हणाले "काय मोजताय?" त्यांना दाखवलं, तर घाटकोपर येईपर्यंत त्यांनी स्वतः दोनदा मोजलं, एकदा ७५ आलं एकदा ६०. उतरताना ते म्हणाले की त्यांच्या मुलाकडे असंच घड्याळ आहे, त्याला आजच सांगतो.

बाकी रोजचे उपयोग म्हणाल तर चहा, कुकरची शिट्टी झाल्यावर मंद गॅसची मिनिटं, मुलीचं शंभर मीटर पळणं. आणि जूनच्या पहिल्या पावसात गॅलरीत उभं राहून वीज चमकली की बटण, गडगडाट ऐकू आला की बटण, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. डोंबिवलीत आमच्या गॅलरीतून खाडीकडची वीज नऊ सेकंदांवर म्हणजे तीन किलोमीटरवर, हे मुलीला आता तोंडपाठ आहे.

तर मामांचं घड्याळ. बोटीवरची नोकरी सोडून मामा १९९८ ला साकीनाक्याला एका कंपनीत लागले आणि २६ जुलै २००५ ला तिथून मुलुंडला चालत आले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना माहीत आहे, मामांना आठवतं ते एवढंच की एलबीएस रोडवर पाणी छातीपर्यंत होतं आणि त्यांनी डावा हात डोक्यावर धरला होता, पण एका ठिकाणी पाय खड्ड्यात गेला आणि सगळेच पाण्याखाली. घरी आले तर काचेच्या आतून धुकं. त्यांनी ते पुसून रुमालात गुंडाळून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं, म्हणाले नंतर बघू. ते नंतर यायला अकरा वर्षं लागली. २०१६ मध्ये त्यांनी ते मला दिलं, "तुला आवड आहे ना, बघ काही होतंय का."

इथे थांबून एक सांगतो. घड्याळात पाणी गेलं, काचेच्या आत धुकं दिसलं, तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यायचं. तांदळाच्या डब्यात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं, उन्हात ठेवणं यातलं काही करायचं नाही. वाफ दिसेनाशी होते पण पाणी गेलेलं नसतं, ते आत जाऊन स्टीलच्या बारीक भागांवर बसतं आणि गंज तिथून सुरू होतो. त्याच दिवशी उघडून वाळवलं असतं तर मामांचं घड्याळ साध्या सर्व्हिसिंगमध्ये सुटलं असतं.

मी ते आधी एका दुकानात दिलं, चांगलं मोठं दुकान, नाव लिहीत नाही. त्यांनी आठवड्याने फोन केला, पॉलिश झालंय, आता डायल नवीन करून देतो, चकाचक, एकदम शोरूम पीस. मी ऑफिसातून हाफ डे टाकून पळालो. डायल वाचलं, पण केसचं, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाचं, पॉलिश झालेलं होतं, मला न विचारता. ६१३९ च्या केसच्या वरच्या भागावर ब्रशच्या बारीक रेघा असतात आणि कडेला धार असते, बोटाने लागते अशी. ती धार गेली, सगळं साबणाच्या वडीसारखं गोल गुळगुळीत. चाळीस वर्षांचे ओरखडे होते त्याच्यावर, एक तर बोटीच्या शिडीवर लागलेला, मामांनी दाखवला होता. मी तिथे काही बोललो नाही, घड्याळ घेतलं आणि निघालो, आणि घरी येऊन मामांना फोन करायची माझी हिंमत झाली नाही तीन दिवस.

म्हणून हे कळकळीने सांगतो, डायल रंगवून घेऊ नका. कोणी कितीही सांगू दे. मुंबईत रंगवलेली इतकी जुनी सिको बाहेर गेलीत की जगभरचे घड्याळवेडे रंगवलेल्या डायलच्या घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नाही म्हणत. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लागलं होतं, कारण हे रंगवणारे हातही आपलेच, कसबी हात आहेत, गिऱ्हाईकाला नवं दिसणारं हवं असतं म्हणून ते करतात. पण एकदा मूळ छपाई खरवडली की ती परत येत नाही. रंगवलेलं ओळखायचं कसं, तर भिंगाखाली अक्षरं बघा, मूळ छपाईची कड कापल्यासारखी असते आणि रंगवलेल्याची पसरलेली. डायलच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात मॉडेल नंबर असतो, तो नसेल किंवा मशीनशी न जुळणारा असेल तर संशय घ्या. आणि पन्नास वर्षांच्या घड्याळाचं डायल कोऱ्या करकरीत भडक रंगाचं असेल तर तोच पुरावा.

मग कोणीतरी गिरगावातल्या एका घड्याळजी काकांचा पत्ता दिला. जिन्याखाली जागा, टेबलावर काचेची भांडी उपडी घातलेली, प्रत्येकीखाली कोणाचं तरी घड्याळ सुटं करून ठेवलेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला म्हणाले "या इकडे, तुम्ही पण बघा." क्राउनच्या दांडीवर आणि तिच्या बाजूच्या दोन पट्ट्यांवर तपकिरी गंज, वाराच्या चकतीवर चहा सांडल्यासारखा डाग. पण मधलं मशीन, बॅलन्स म्हणजे झोके घेणारं चाक, क्लच, ते उभं खांबांचं चाक ज्याच्यावर बटणांचा सगळा खेळ चालतो, ते स्वच्छ. काका म्हणाले "तेल सुकलंय, पण माणूस जिवंत आहे." हे त्यांचं वाक्य मी मामांना जसंच्या तसं सांगितलं.

गंजलेल्या भागांसाठी दुसरं ६१३९ हवं होतं. तीन शुक्रवार मी पहाटे चोर बाजारात गेलो, मटण स्ट्रीटच्या आसपास, मोबाईलच्या उजेडात झाकणं बघत. तिसऱ्या खेपेला एक मिळालं, डायल भडक पिवळं रंगवलेलं, काटे भलत्याच घड्याळाचे, पण आतलं मशीन चालू. त्याची दांडी आणि पट्ट्या मामांच्या घड्याळात गेल्या. वाराची डागवाली चकती मी तशीच ठेवायला सांगितली.

सर्व्हिसिंग म्हणजे नुसतं तेल टाकणं नव्हे हे मला तिथे कळलं. पूर्ण मशीन सुटं करतात, प्रत्येक भाग धुतात, मग जागा बघून वेगवेगळं तेल, जिथे चाक जलद फिरतं तिथे पातळ, जिथे दाब जास्त तिथे घट्ट. तेल वाढलं तरी वाईट, ते पसरतं आणि जिथे नको तिथे जातं. मग टाइमग्राफरवर ठेवतात, तो टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते सांगतो आणि बॅलन्स किती अंशात झोके घेतोय तेही. मामांचं आधी १८० च्या खाली होतं, नंतर अडीचशेच्या आसपास. काका म्हणाले या वयाला फार छान. काकांनी एकूण साडेआठ हजार घेतले आणि मला ते कमी वाटले.

साधारण पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करावं असं मी धरतो. घड्याळ नीट चाललंय म्हणून पुढे ढकलू नये, कारण तेल सुकल्यावरही ते चालत राहतं, फक्त तेव्हा धातूवर धातू घासत असतो. माझं ७७५० तासाला २८,८०० ठोके देतं, दिवसाचे जवळजवळ सात लाख, रोजचे.

मुंबईत मात्र तेलापेक्षा मोठा शत्रू दमटपणा आणि घाम. घड्याळावर ५० मीटर लिहिलंय म्हणजे ५० मीटर खोल जाता येतं असं नाही, तो पाणी अडवणाऱ्या नव्या गॅस्केटवर, स्थिर पाण्यात, कारखान्यात केलेल्या चाचणीचा आकडा. गॅस्केट रबराची असते, ती आपल्या हवेत कडक होते. मी ७७५० ची गॅस्केट दर दोन वर्षांनी मे महिन्यात बघून घेतो आणि पाण्याची टेस्ट करून घेतो. मामांचं सिको जून ते सप्टेंबर घराबाहेर जात नाही, डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतं, पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. दर रविवारी बाहेर काढून दोन तास हातात घालतो, दोन्ही बटणं चार-पाच वेळा दाबतो. बटणाच्या बाजूला घामाचं मीठ साचतं आणि वापरलं नाही तर बटण जाम होतं, मग लोक त्याच्यात गंज सोडवायचा स्प्रे मारतात, तो तर आत जाऊन सगळ्या तेलाची वाट लावतो. पाण्यात असताना, हात ओला असताना, बटणं दाबायची नाहीत. गरम पाण्याच्या आंघोळीला घड्याळ काढून ठेवायचं. चामड्याचा पट्टा मुंबईत पावसाळ्यात घालूच नये, आठवड्यात वास येतो आणि पंधरा दिवसांत बुरशी, मी रबरी किंवा नायलॉनचा लावतो. स्टीलचा पट्टा महिन्यातून एकदा घड्याळापासून सोडवून मऊ टूथब्रश आणि साबणाने धुवायचा, किती काळं पाणी निघतं ते बघाच.

आणि लोहचुंबक. मागच्या वर्षी माझं ७७५० अचानक दिवसाला चार मिनिटं पुढे जायला लागलं. वाटलं गेलं मशीन. काकांनी होकायंत्र जवळ नेलं तर सुई झरकन फिरली. बॅलन्सची केसासारखी कमान असते ना, चुंबकाने तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळायला लागतं. दहा सेकंदांत काकांनी चुंबकत्व काढून दिलं, पैसेही घेतले नाहीत. कारण होतं मुलीच्या टॅबचं कव्हर, चुंबकाच्या झाकणाचं, रात्री त्याच्यावरच घड्याळ ठेवायचो. घड्याळ पुढे पळायला लागलं तर आधी हे बघा, मग खर्चाचं.

सिकोची एकच गोष्ट राहिली आहे, क्राउन फिरवला की आतली मिनिटांची रिंग फिरायला हवी, ती मध्येच घसरते. तिला फिरवणारं छोटं चाक झिजलंय, चोर बाजारच्या घड्याळातलंही तसंच निघालं. मामांना विचारलं, तर म्हणाले "अरे ती रिंग माझ्याकडे असतानाच ऐंशी सालापासून तशीच आहे, मी बोटाने क्राउन थोडा तिरका दाबून फिरवायचो." परवा मुलुंडला गेलो तेव्हा त्यांनी करून दाखवलं, चष्मा वर करून, अंगठा क्राउनच्या खालून लावून, आणि रिंग बरोब्बर फिरली. मी तिथेच चार वेळा करून बघितलं, मला एकदाच जमलं.

गॅस्केट बदलायला काकांना फोन केला होता, ते गावी गेलेत, जूनच्या पहिल्या आठवड्यात येतील. तोवर सिको डब्यात आहे, पुड्या कालच बदलल्यात.